छातीवरचा बिल्ला

आजारपणाची गोष्ट लोक तापापासून सुरू करतात. माझी सुरू होते एका बिल्ल्यापासून, म्हणून आधी तोच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही आणि तुम्ही म्हणाल, हा माणूस अजून तापातच बडबडतोय.

मी नगरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. आमच्याकडची माणसं त्याला फोटोच म्हणतात. मशीन चालवणाऱ्याने छातीवर एक छोटा प्लास्टिकचा बिल्ला लावायचा असतो. आत एवढीशी फिल्म. काही दिवसांनी ती मुंबईला पाठवायची, बदल्यात नवी लावायची. मुंबईला ती धुतात आणि जितकी काळी निघेल तितके किरण त्या माणसाला लागले, असं मोजतात. एवढंच त्या बिल्ल्याचं काम.

माझ्या आईला हे काही केल्या पटायचं नाही. ती शेवगावकडच्या आमच्या गावी राहायची आणि सणावाराला नगरला आली की आधी माझ्या कोटावर बिल्ला आहे का ते बघायची.

“रंगा, ह्यो बिल्ला किरनांपासनं तुला राखतो न्हवं?”

“राखत नाही गं आई. मोजतो. किती लागले तेवढं सांगतो.”

“लागल्यावर सांगून काय उपेग?”

“पुढच्या वेळी सांभाळून राहता येतं.”

“मंग राखतोच की!”

माझं डोकं तसं लवकर तापतं. दोनतीनदा तिला शिसं, फिल्म, किरण सगळं समजावलं, हातवारे केले, शेवटी हात जोडले. तिने बिल्ल्याला नमस्कार केला आणि ती भाकऱ्या थापायला गेली.

*

बहात्तर सालचा दसरा. पाऊस नावाला नव्हता. गावाकडे जमीन तडकली होती, अर्धं गाव खडी फोडायला जात होतं. आई नवरात्रात आमच्याकडे आली ती एक बेत घेऊनच.

“यंदा नांगराला काम न्हाई. तुझ्या मशीनला तर हाय? मंग खंडेनवमीला पूजा तिची. मी करनार.”

आमच्या दवाखान्यात खंडेनवमी दरवर्षी व्हायची, पण कंपाउंडर चार फुलं वाहायचा आणि मोकळा व्हायचा. त्या साली आईने ताबा घेतला. एक्स-रेच्या टेबलावर पांढरं धोतर अंथरलं. त्यावर डॉक्टरांच्या कात्र्या, चिमटे, कंपाउंडरचा खलबत्ता, सगळी हत्यारं मांडली. त्या दुष्काळात झेंडू कुठून पैदा केला देव जाणे, पण टेबल पिवळंधमक झालं होतं. मी नवा सदरा घातला होता. पांढरा कोट, बिल्ल्यासकट, खुंटीला होता.

आरती झाली, नारळ फुटला. आमचे मोठे डॉक्टर तसे तुसडे, पण आईपुढे त्यांचं काही चालायचं नाही. आई त्यांना म्हणाली, “आमच्याकडं पूजा झाली की इंजिन एकदा चालू करून बघत्यात. तुमी बी करा की!”

डॉक्टर हसले. “रंगनाथ, होऊन जाऊ दे मुहूर्ताचा एक फोटो.”

आता या बाबतीत मी कडक आहे हं. सगळ्यांना शिशाच्या पडद्यामागे घेतलं. आईला पुढे राहून बघायचं होतं, तिला दंडाला धरून मागे ओढलं. खोलीत कुणी नाही हे बघितलं, दार लावलं आणि मग डॉक्टरांनी बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, खटका पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले. किरणांच्या नळीखाली टेबलावर फुलं, नारळ आणि लोखंडी हत्यारं एवढंच होतं. निदान मला तसं वाटत होतं.

*

दिवाळीच्या तोंडावर अंग मोडून आलं. मी म्हटलं, दगदग आहे. क्रोसिन घेतली, कामावर गेलो. दुसऱ्या आठवड्यात जिना चढताना मधेच बसलो आणि उठताच येईना. दोघांनी मला उचलून माझ्याच दवाखान्यात खाटेवर टाकलं.

डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, रक्त घेतलं. संध्याकाळी येऊन म्हणाले, “मुदतीचा ताप आहे. टायफॉईड. गावाला गेला होतास का रे?”

दसऱ्यानंतर आईबरोबर दोन दिवस गेलो होतो. घरच्या विहिरीचा तळ लागला होता आणि त्याच तळाचं पाणी आम्ही फडक्याने गाळून प्यायलो होतो. आई शेजारीच उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि तिथून पुढे ती माझ्या उशापासून हलली नाही.

ज्या दवाखान्यात आपण तोऱ्यात फिरलो तिथेच खाटेवर पडणं, ही एक वेगळीच गंमत आहे. रोज “श्वास धरा, हलू नका” म्हणणारा मी, आणि आता मलाच नर्सबाई म्हणायच्या, “तोंड उघडा, बोलू नका.” सकाळी थर्मामीटर, मग कॅप्सूल, मग भाताची पेज. दुपारी पेज. संध्याकाळी, काय सांगू, पेज. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला घरून पिठलं-भाकरी यायची आणि त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा मी त्याच्याकडे चतकोर मागितलीसुद्धा. आईने त्या बिचाऱ्याला असं झापलं की पुढे तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

ताप चढला की आई कपाळावर पट्ट्या ठेवायची. नगरलाही पाण्याचे हाल होते. माझी बायको सुशीला नळावर रांग लावून घागर भरायची आणि त्यातलं पहिलं तांब्याभर पाणी पट्ट्यांसाठी वॉर्डात आणायची. लग्नाला वर्ष होत होतं आमच्या. एरवी चारचौघांत माझ्याकडे मान वर करून न बघणारी पोरगी, पण सगळ्या वॉर्डासमोर माझे पाय चेपत बसायची. तापापेक्षा त्यानेच मला जास्त लाजायला व्हायचं, आणि बरंही वाटायचं.

*

ताप उतरला. घरी आलो. मार्गशीर्षातल्या एका दुपारी सुशीला तांदूळ निवडत होती. निवडता निवडता खालच्या मानेने म्हणाली, “आपल्याकडे कुणीतरी येणार आहे.”

मी विचारलं, “कोण? गावाकडनं?”

ती अशी हसली की सूप कलंडलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईने ऐकलंच होतं. तिने सुनेच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि उरलेला माझ्या तोंडात कोंबला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझे केस गळायला लागले. कंगवा फिरवला की पुंजका हातात. उशीवर केस, खांद्यावर केस. मी म्हटलं, असेल अशक्तपणा. संक्रांत झाली आणि कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. दार लावायला सांगितलं. असं ते कधी सांगत नाहीत.

“रंगनाथ, तुझ्या बिल्ल्याचा रिपोर्ट आलाय मुंबईहून. दसऱ्याच्या वेळचा. त्यात किरण फार जास्त निघालेत. चौकशी होईपर्यंत तू मशीनजवळ जायचं नाहीस.”

मी हसलो. म्हटलं, चुकून दुसऱ्याचा असेल. ते हसले नाहीत. पुन्हा रक्त घेतलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या.

“हे टायफॉईडनेही होतं,” डॉक्टर म्हणाले. “केसही त्याने गळतात.”

“आणि किरणांनी?”

त्यांनी रिपोर्ट पुन्हा उलटून बघितला. “एवढ्याने होणार नाही असं मला वाटतं. पण खरं सांगू? किरण तुला कुठे, कसे लागले हेच मला कळत नाही. ते कळेपर्यंत मी छातीठोक काही सांगणार नाही.”

खोटा धीर दिला नाही, हे त्यांचे उपकार. पण त्या दिवशी मला त्यांचा रागच आला.

*

घरी येताना मी फक्त हिशोब जुळवत होतो. दसऱ्याच्या वेळी मला किरण लागले. दसऱ्यानंतर सुशीलाला दिवस गेले. बापाला किरण लागले तर पोरात व्यंग येऊ शकतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि अर्धवट वाचलेलं माणसाला पुरतं खातं. स्वतःच्या टकलाची मला फिकीर नव्हती हो. त्या पोराची होती. माझ्या एखाद्या निष्काळजीपणाने त्या एवढ्याशा जिवाचं काय झालं असेल, याच्यापुढे मला काही सुचत नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सुशीलाशी बोलणंच कमी केलं. तिने बारशाचा विषय काढला की मी चप्पल घालून बाहेर. एकदा तिने दारातच अडवलं.

“तुम्हाला आनंद नाही झाला का? तसं असेल तर तोंडाने सांगा. असं भुतासारखं हिंडू नका.”

मग मी सांगितलं. सगळं. ती चुलीपुढे बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरांना नक्की माहीत नाही ना? मग तुम्ही कोण लागून गेलात नक्की सांगणारे?” आणि भांडी आपटत घासायला बसली. रात्रीच्या जेवणात मात्र माझ्या ताटात तूप जास्त होतं.

बातमी फुटायची ती फुटलीच. शेजारच्या काकू आपल्या पोरांना आमच्या ओट्यावर येऊ देईनात. “यांच्या अंगात किरण शिरलेत म्हणे.” आता किरण काय उवा आहेत, एकाचे दुसऱ्याला लागायला? खटका बंद झाला की खोलीतसुद्धा ते उरत नाहीत. हे मी घसा फोडून सांगितलं. मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही, सुशीलाच्या पोटावर हात ठेवायला माझा हात धजेना. पोट दिसायला लागलं होतं. ती जवळ बसली की मी हात मांडीखाली दाबून बसायचो. ठाऊक असणं आणि धजणं, यांत एवढं अंतर असतं हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

*

त्यात खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढू. मी, एक्स-रेवाला, दवाखान्याच्या मागच्या दाराने पळून घरी आलो! आईने कान धरावा तसं दंड धरून परत नेलं.

माझ्या जागी बदलीवर पाटोळे म्हणून गृहस्थ आले होते. माणूस भला. मला प्लेटसमोर उभं केलं. उघड्या छातीला ती प्लेट इतकी गार लागते, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

“पाटोळे, झडपा जवळ घ्या. छातीपुरतेच किरण येऊ देत. आणि खाली कमरेला शिशाचा एप्रन बांधा.”

“अहो, पेशंट कोण इथं? तुम्ही का मी?”

“मीच. म्हणूनच म्हणतोय.”

त्याने एप्रन बांधला. त्याचं ओझं कमरेवर पडलं आणि माझा श्वास जरा खाली आला. किरण अडवायला ते शिसं किती कामाचं हे मला पाठ होतं, पण आपल्यासाठी कुणीतरी काही बांधतंय, याने घाबरलेल्या माणसाला किती बरं वाटतं, ते माझ्या शिक्षणात नव्हतं. फोटो स्वच्छ निघाला. खोकला साधाच होता.

*

शिमग्याच्या सुमाराला मुंबईचे साहेब चौकशीला आले. तरुणच होते, एसटीच्या धुळीने चष्मा भरलेला. आधी दवाखान्यात मशीन तपासलं, भिंती तपासल्या, कुठे किरण गळतात का बघितलं. काही सापडलं नाही. मग मोठ्या डॉक्टरांना घेऊन आमच्या घरी आले. सुशीला दाराआड उभी राहिली. मी मनात म्हटलं, काय असेल ते एकदाचं होऊन जाऊ दे.

साहेबांनी पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडाला धरली. काळीकुट्ट. पण मधोमध एक पांढरी गोल चकती आणि चकतीच्या पोटात काळा ठिपका.

“तुम्ही बिल्ला लावून काम करता तेव्हा हलता, वळता. किरण चहूकडून येतात. सावल्या पुसट पडतात,” साहेब म्हणाले. “ही बघा, सुरीने कापल्यासारखी कड आहे. म्हणजे बिल्ला एका जागी पडून होता आणि किरण एकदाच, सरळ वरून आले. त्यावर ही वस्तू होती. ती काय होती आणि तेव्हा बिल्ला तुमच्या अंगावर होता की नाही, एवढंच मला हवंय. मशीनचा वॉशर आहे का हा?”

मी फिल्म उलटसुलट केली. “वॉशर नाही साहेब. असला वॉशर आमच्याकडे नाहीच.”

डॉक्टरांनी बघितलं, त्यांनाही काही उमगेना. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कपबशी खाली ठेवता ठेवता तिने मान वाकडी करून खिडकीकडे बघितलं.

“अगं बया! ह्यो तर माझा पैसा!”

“कसला पैसा आजी?”

“भोकाचा पैसा. सासूबाईंनी दिल्याला.” तिने कमरेची चंची सोडली आणि आतून जुना, इंग्रजांच्या वेळचा, मधे भोक असलेला तांबूस पैसा काढला. एका बाजूला त्याची कड थोडी उडालेली होती. साहेबांनी तो फिल्मवर ठेवला. पांढऱ्या चकतीची कडही तिथेच, तेवढीच उडालेली होती. पैसा बरोब्बर बसला.

“आई, हा बिल्ल्यावर कधी ठेवलास तू?”

“खंडेनवमीला. समद्यांची हत्यारं मांडली, मंग तुझं नको व्हय? कोटाचा काढला, फुलांत ठिवला. वर पैसा ठिवला, कुनाची नजर नको लागाय म्हून. पूजा उरकल्यावर परत टाचला कोटाला. का? मोडला का काय?”

मग मोठ्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! म्हणजे बटण मीच दाबलं की!”

“आणि तुम्ही तेव्हा कुठे होता?” साहेबांनी मला विचारलं.

“पडद्यामागे,” मी म्हणालो. “सगळेच पडद्यामागे होतो. आईला मीच ओढून आत घेतलं होतं.”

साहेबांनी फिल्म पाकिटात ठेवली. “मग हे किरण बिल्ल्याला लागलेत. तुम्हाला नाही. केस टायफॉईडने गेलेत, येतील परत. कामावर जा तुम्ही.”

आईने हे दोनदा वदवून घेतलं. “म्हंजी माझ्या पोराला काय न्हाई?”

“काही नाही.”

“आन् त्याच्या पोराला?”

“त्यालाही काही नाही, आजी. हा पैसा नसता ना, तर इतकं ठामपणे मला सांगता आलं नसतं.”

तापाच्या अख्ख्या दिवसांत माझ्यादेखत एकदाही न रडलेली ती बाई ओक्साबोक्शी रडली. सुशीला दाराआडून धावत आली, तिला जवळ घेतलं. रडता रडताच आईने माझ्याकडे बोट केलं.

“तू म्हनत हुतास, बिल्ला राखत न्हाई, निस्ता मोजतो. आता बोल!”

मी हात जोडले. साहेब चहा पीत हसत होते.

*

आता मी फोटो काढायच्या आधी प्रत्येकाला सांगतो, बाबा, प्लेट गार लागेल, दचकू नकोस. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, हे नर्सबाईंकडून हळूच विचारून घेतो. पोरं असोत, म्हातारे असोत, जेवढं झाकता येईल तेवढं शिशाने झाकतो आणि का झाकतो तेही सांगतो. उशीर होतो. कंपाउंडर कुरकुरतो. कुरकुरू दे. आजारी माणसा, तुलाही सांगतो, भीती वाटली तर विचार. उत्तर ठाऊक नाही, असं कुणी खरं बोललं तर त्याच्यावर चिडू नकोस.

साहेब गेले त्या संध्याकाळी आई देवापुढे दिवा लावत होती. सुशीला माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात सवयीने मांडीखाली गेला. तिने तो ओढून काढला, काही न बोलता आपल्या पोटावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला.

आतून लाथ बसली. चांगली जोराची.

मी घाबरून हात काढायला गेलो, तिने सोडला नाही. “बसा गप्प,” ती म्हणाली. “कधीची वाट बघतंय ते तुमची.”